आपणच धनी, आपणच चाकर

सुट्टी ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. जो दुसऱ्याची चाकरी करितो त्याला ती मागावी लागते, आणि मागितल्यावर थोड्याफार कुरकुरीनंतर ती मिळतेही. परंतु जो स्वतःच आपला धनी आहे, त्यानें ती कोणापाशीं मागावी? वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल, औषधांचा दुकानदार, कापसाचा अडत्या, शिकवणीचे वर्ग चालविणारा शिक्षक, छापखान्याचा मालक आणि याज्ञिकी करणारे आमचे भटजी, हे सर्व याच वर्गांत मोडतात. अमरावती-अकोल्याच्या ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्यांपैकीं पुष्कळांची चूल अशाच धंद्यांवर पेटते. आम्ही पडलों शाळामास्तर. दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी आम्हांस न मागतां मिळत आली. तेव्हां या विषयांत उपदेश करण्याचा आमचा अधिकार कोता आहे, हें जाणूनच चार शब्द लिहितों.

निमित्त झालें तें अकोल्याच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचें. त्यांचे यजमान वकील आहेत. गेल्या उन्हाळ्यांत घरची सर्व मंडळी चार दिवसांसाठीं चिखलदऱ्यास गेली होती. त्या लिहितात: “कोर्टें बंद होतीं, पण फोन बंद नव्हता. तेथें पाहण्याजोगीं स्थळें पुष्कळ. परंतु आमचा सर्वांत अधिक वेळ गेला तो ज्या वळणावर मोबाईलला रेंज मिळे त्या वळणावर. मुलांनीं त्या जागेला ‘बाबांचा पॉइंट’ असें नांव ठेविलें. घरीं असतां निदान रात्रीं नऊनंतर ते आमचे असतात. तेथें तेंही नव्हतें. सासूबाई म्हणाल्या, यापेक्षां घरींच बरें होतें. मला यजमानांचा राग येत नाहीं. फोन न उचलल्यास पक्षकार दुसरीकडे जाईल, ही त्यांची भीति खोटी आहे असें मला म्हणवत नाहीं. मग करावें काय?”

पत्र वाचून प्रथम हसूं आलें, आणि मग हसण्याची लाज वाटली. मुलांनीं ठेविलेलें तें नांव गंमतीचें खरें. पण हींच मुलें आणखी दहा वर्षांनीं शिक्षणासाठीं पुण्या-मुंबईस जातील, आणि चिखलदऱ्याची आठवण म्हणून त्यांच्यापाशीं उरेल ती एका वळणावर पाठमोरी उभी असलेली वडिलांची मूर्ति. हा तोटा कोणत्याही खातेवहींत मांडतां येत नाहीं; म्हणूनच तो चुकून सोसला जातो.

नोकरदारांसही सुट्टी सहजासहजीं मिळालेली नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांस आठवड्यांतून एक दिवस विसावा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, तेव्हां कोठें १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. आज महाराष्ट्रांत दुकानांविषयींचा जो २०१७ चा कायदा आहे, त्यानें दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडें ठेवण्याची मोकळीक दिली; मात्र जेथें नोकरांची संख्या कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेइतकी किंवा अधिक आहे, तेथें प्रत्येकास आठवड्यांतून सलग चोवीस तासांची सुट्टी दिलीच पाहिजे असें बंधनही घातलें. म्हणजे दुकान बारमास उघडें राहील, नोकर एक दिवस घरीं राहील. गल्ल्यावर बसलेल्या मालकानें घरीं केव्हां जावें, याविषयीं कायदा मौन धरितो. तें एका अर्थीं योग्यच आहे. दुसऱ्यानें केलेल्या जुलुमापासून कायदा आपलें रक्षण करील; आपणच आपल्यावर केलेल्या जुलुमास तो काय करणार? लोखंडे यांस भांडण्यासाठीं समोर गिरणीमालक तरी होता. येथें मालक व मजूर एकाच अंगरख्यांत आहेत.

शिवाय हिशेब पहा. नोकरदार आठ दिवस प्रवासास गेला तर त्याला गाडीभाडें व मुक्काम एवढाच खर्च. पगार चालूच असतो. स्वतंत्र धंद्याच्या मनुष्यास तो खर्च आहेच, आणि शिवाय आठ दिवसांची मिळकतही बुडते. बहुतेक गृहस्थ निघण्यापूर्वीं पहिला खर्च कागदावर मांडतात, दुसरा मांडीत नाहींत. न मांडलेली ही रक्कम मग सर्व प्रवासभर मनांत बोचत राहते, आणि ती भरून काढण्याच्या ओढीनेंच हात खिशाकडे जातो. आमच्या मतें या दुखण्याचें निम्में मूळ येथें आहे. तें प्रेमाच्या अभावांत नाहीं.

पूर्वींही ही अडचण होतीच. परंतु तिचा परिहार घराच्या रचनेंत व ऋतुचक्रांत होता. कापड, सराफी, किराणा अशा दुकानांत एक भाऊ काशीयात्रेस गेला तर दुसरा गादीवर बसे. गिऱ्हाइकाला दुकान हवें असे, अमुक भाऊच हवा असें नसे. आज एकत्र कुटुंब जेथें टिकून आहे तेथेंही भावाभावांचे धंदे निराळे झाले. वकिलाच्या खुर्चीवर इंजिनियर बंधु बसूं शकत नाहीं. धंदा एका माणसाच्या नांवावर आणि एका मोबाईलच्या क्रमांकावर आला.

आमच्या वऱ्हाडांतील शेतकरी हाही मूळचा स्वतंत्र धंद्याचाच मनुष्य. कापूस वेंचणीस आला म्हणजे त्याला मान वर करण्यास फुरसत नसते. म्हणून लग्नकार्यें, यात्रा, लेकीबाळींचें माहेरपण हें सारें उन्हाळ्यांत, मृगाच्या पावसापूर्वीं. आणि आपल्या बैलालाही त्यानें एक दिवस दिला आहे. श्रावणी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशीं, बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. आदल्या सायंकाळीं हळद व तूप लावून त्याचे खांदे शेकतात आणि त्याला दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आवतण देतात. या रीतींत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. विसाव्याचा दिवस आधींपासून ठरलेला आहे, आणि तो सर्व गांवाला ठाऊक आहे. ‘तेवढे दोन तास डवरा हांकून घेऊं’ असें त्या दिवशीं कोणी म्हणूं लागला, तर गांव त्याला नांवें ठेवील.

विद्येवर जगणाऱ्यांसाठीं हाच विचार आमच्या पूर्वजांनीं अनध्यायाच्या रूपानें केला होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पंचवीसांहून अधिक श्लोक केवळ या एका विषयास दिले आहेत. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा या तिथींस पठण नाहीं, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्याच यादींत असेंही सांगितलें आहे कीं घोड्यावर, हत्तीवर, नावेंत किंवा वाहनांत बसून अध्ययन करूं नये. आणि घरीं अतिथि आला असतां त्याची अनुज्ञा घेतल्यावांचून करूं नये. परतवाड्याच्या पुढचा घाट चढतांना मोटारींतून दाव्याचे मुद्दे सांगणाऱ्यांनीं पहिला नियम, आणि मुलाबाळांच्या पंगतींतून ‘एक मिनिट’ म्हणून उठणाऱ्यांनीं दुसरा नियम ध्यानांत घ्यावा.

हे नियम मोडल्याचें फळही तेथें दिलें आहे. अमावास्येचें अध्ययन गुरूस घातक, चतुर्दशीचें शिष्यास घातक, आणि अष्टमी-पौर्णिमेचें अध्ययन प्रत्यक्ष वेदविद्येचाच नाश करणारें. शब्दशः अर्थ कोणी घेऊं नये. मर्म मात्र घेण्याजोगें आहे. अखंड कामानें काम करणारा झिजतो एवढेंच नव्हे, तें कामही बिघडतें. रामायणाच्या सुंदरकांडांत सीतेच्या कृशतेला मारुति जी उपमा देतो ती प्रतिपदेसही पाठ न सोडणाऱ्याच्या विद्येची आहे. सुट्टी न घेणाऱ्याची विद्या रोडावते, हें त्या काळच्या श्रोत्यांस सांगावें लागत नसे. तें इतकें परिचित होतें कीं त्याची उपमा देतां येत असे.

तथापि शास्त्रकार व्यवहारशून्य नव्हते. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत अपवादही सांगितला आहे: नित्याचा स्वाध्याय आणि होमांतील मंत्र यांस अनध्याय नाहीं. जें टाळतां येतच नाहीं तें कोणतें, हें आधीं ठरवावयाचें, आणि बाकीचें निःशंकपणें बंद ठेवावयाचें. डॉक्टराचा अत्यवस्थ रोगी हा होममंत्र होय. तीन वर्षें पडून असलेल्या दाव्याविषयीं ‘काय हो, कांहीं हाललें का?’ ही चौकशी होममंत्र नव्हे. स्वतंत्र धंद्यांतील आमचे मित्र प्रत्येक फोनास होममंत्र समजतात, तेथें सारा घोटाळा होतो.

आतां अमरावतीच्याच एका थोर वकिलाचें उदाहरण घेऊं. दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) यांचें नांव वऱ्हाडांत नव्यानें सांगावयास नको. १८९७ सालीं अमरावतीस जी राष्ट्रीय सभा भरली तिचे ते स्वागताध्यक्ष; लोकमान्यांचे निकटचे स्नेही. लोकमान्यांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठीं ते १९०८ मध्यें विलायतेस गेले आणि १९१० मध्यें परतले. इतका काळ वकिलीपासून दूर राहिल्यावर, पुढें ६ डिसेंबर १९११ पासून १५ मार्च १९१२ पर्यंत, म्हणजे शंभर दिवस, ते शिरडीस श्रीसाईबाबांच्या सान्निध्यांत राहिले. घरचीं माणसेंही बरोबर होतीं. त्या दिवसांची त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. पहांटेची काकड आरती, मशिदींतील दर्शन, मंडळींसमवेत ग्रंथवाचन, गोष्टी, असा दिनक्रम तींत दिसतो. आणि मधून मधून, परत जाण्याची परवानगी आजही मिळाली नाहीं, अशी नोंद येते.

तो मुक्काम म्हणजे केवळ सहल होती असें म्हणणें अनादराचें होईल, आणि त्याचीं कारणेंही एकापेक्षां अधिक होतीं. आम्हांस त्यांतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, ज्यांच्या शब्दाला वऱ्हाडांत मान होता त्या पुरुषासही परत फिरण्याची विचारणा पुनःपुन्हां करावीशी वाटली, आणि त्यांस थांबविलें तें त्यांच्या स्वतःच्या निश्चयानें नव्हे. ज्यांचा अधिकार त्यांनीं मानला होता अशा दुसऱ्याच्या शब्दानें. आपणच धनी व आपणच चाकर असलेल्या मनुष्याची खरी गोम हीच आहे. चाकरानें विसावा मागितला तर धनी नाकारतो. धन्यानें विसावा घेण्याचें ठरविलें तर त्याच्यांतील चाकर चोरून कामावर जातो. यावर उपाय एकच: सुट्टीच्या तेवढ्या दिवसांपुरता तिसरा कोणी धनी नेमावा. आई असो, पत्नी असो, थोरली मुलगी असो. ‘या आठ दिवसांत मीं काम करावें किंवा नाहीं हें तूं ठरव, आणि मी चिडलों तरी ऐकूं नकोस,’ असें निघण्यापूर्वीं सर्वांसमक्ष सांगावें. असा अधिकार एकदां दिला म्हणजे मग तो पाळण्यांत अपमान वाटत नाहीं.

आमच्या भगिनी ज्या चिखलदऱ्यास गेल्या होत्या, तेथील लोककथाही या बाबतींत बोधप्रद आहे. भीमानें कीचकाला मारून ज्या दरींत लोटून दिलें तो कीचकदरा, त्याचाच पुढें चिखलदरा झाला, असें लोक सांगतात. भीमकुंड तेथें आहे, आणि जवळच्या वैराटाशीं विराटाच्या नगरीचा संबंध जोडतात. त्या नगरींत शिरण्यापूर्वीं पांडवांनीं काय केलें? गांडीव घेऊन नगरांत गेल्यास आपण तत्काळ ओळखले जाऊं, हें युधिष्ठिरानें जाणलें. अट कडक होती. वर्षाच्या आंत ओळख पटल्यास पुनः बारा वर्षें वनवास. म्हणून त्यांनीं सर्व आयुधें स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर बांधिलीं, कोणी जवळ फिरकूं नये म्हणून तेथें एक प्रेतही बांधिलें, आणि वाटेंतील गुराख्यांस सांगितलें कीं ही आमची एकशें ऐंशी वर्षांची माता असून आमचा कुलाचारच असा आहे. आयुधें त्यांनीं टाकून दिलीं नाहींत. योग्य प्रसंग येतांच अर्जुनानें तीं उत्तराकडून खालीं काढविलीं. पण तोंपर्यंत अर्जुनासारख्या धनुर्धरानेंही गांडीवाला हात लावला नाहीं.

मोबाईल हें आजचें गांडीव आहे. तें जवळ असलें कीं मनुष्य ओळखला जातो, आणि ओळखला गेला कीं त्याचा वनवास पहिल्यापासून सुरू होतो. खंडेनवमीस आपण हत्यारें, वह्या, पुस्तकें पूजेंत मांडतों आणि त्या दिवशीं तीं वापरीत नाहीं. त्याच बुद्धीनें सुट्टीच्या आरंभीं हेंही शमीवर ठेवावें.

हें व्यवहारांत कसें उतरेल, तें आमच्या अल्पमतीप्रमाणें सांगतों. पहिली गोष्ट तारखेची. ‘जमलें तर मेमध्यें जाऊं’ हा बेत नव्हे. महिनाभर आधीं दिवस ठरवावेत, दारावर पाटी लावावी, येणाऱ्या प्रत्येकास तोंडानें सांगावें. लोक थांबावयास तयार असतात. किती थांबावयाचें हें कळलें नाहीं म्हणजे मात्र चिडतात. दुसरी गोष्ट पैशाची. दर महिन्यास एका दिवसाची मिळकत निराळी काढून ठेवावी. वर्षाअखेर बारा दिवसांची बुडीत मिळकत आधींच भरून निघालेली असते, आणि मग ती मनांत बोचत नाहीं. तिसरी गोष्ट प्रतिनिधीची. सख्खा भाऊ गादीवर बसत नसेल तर धंद्यांतला भाऊ शोधावा. दोन वकिलांनीं, दोन डॉक्टरांनीं, दोन लेखापालांनीं एकमेकांत ठरवावें कीं मेचा पहिला पंधरवडा तुमचा, दुसरा आमचा. आज ज्याला आपण प्रतिस्पर्धी म्हणतों, त्यालाही घरीं मुलेंबाळें आहेत व त्याचीही हीच अडचण आहे. चौथी गोष्ट फोनाची. धंद्याचा क्रमांक घरीं कारकुनाकडे किंवा कंपौंडरकडे ठेवावा. होममंत्र कोणता तें त्याला निघण्यापूर्वीं लिहून द्यावें, आणि तेवढाच निरोप त्यानें पुढें कळवावा. हें अगदींच अशक्य असेल तर संध्येप्रमाणें एक ठरीव अर्धा तास घ्यावा. दिवसभर थोडें थोडें काम करणें सर्वांत वाईट, कारण त्यांत काम होत नाहीं आणि विसावाही होत नाहीं. पांचवी गोष्ट परतण्याची. ज्या दिवशीं घरीं याल त्या दिवशीं दुकान उघडूं नका. तो एक दिवस मिळाला नाहीं, तर मुक्कामाचा शेवटचा दिवस उद्यांच्या चिंतेंत जातो.

एवढें करूनही कांहीं गिऱ्हाइकें जातील. ‘कोणी जात नाहीं’ असें खोटें आश्वासन आम्ही देणार नाहीं. विशेषतः ज्याचा धंदा नवा आहे आणि शेजारीं तसलींच आणखी चार दुकानें आहेत, त्याला आठ दिवस जड जातील. त्यानें चारच घ्यावेत, पण ते पुरते घ्यावेत. ज्याची रोजची चूल रोजच्या कमाईवर आहे त्याला हा उपदेश लागू नाहीं, आणि त्याच्यापुढें तो करणेंही निर्दयपणाचें होईल. मात्र ज्याची स्थिति त्याहून बरी आहे, त्यानें भीतीस किती भाव द्यावयाचा हें एकदां ठरवावें. गेलेला पक्षकार कदाचित् परत येतो, किंवा त्याच्या जागीं दुसरा येतो. मुलाचें दहावें वर्ष एकदांच येतें.

शेवटीं एक गोष्ट, जी आमच्या भगिनीनें लिहिली नाहीं, पण तिच्या पत्राच्या ओळीओळींमधून आम्हांस वाचतां आली. यजमानांचें कोर्ट बंद होतें, मुलांची शाळा बंद होती. त्या चार दिवसांत डब्यांतला शिधा कोण काढीत होतें, भाड्याच्या बिऱ्हाडांत चहाचें आधण कोण ठेवीत होतें, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा कोण सांभाळीत होतें? गृहिणीचें काम नित्यकर्मांत घालून आपण तिला अनध्याय ठेविलाच नाहीं. जेथें तिचाही शिवणाचा, शिकवणीचा किंवा लोणचीं-पापडांचा धंदा आहे, तेथें तर तिला दोन धनी आहेत आणि दोघांपैकीं एकही रजा देत नाहीं. अशा वेळीं पुनः विराटाच्या घरचीच आठवण होते. गदा चालविणाऱ्या भीमसेनानें तेथें बल्लव होऊन मुदपाकखाना सांभाळला होता, आणि त्यानें त्याच्या पराक्रमांत कांहीं उणें झाल्याचें व्यासांनीं लिहिलेलें नाहीं. यजमानांनीं आयुधें शमीवर ठेविल्यावर रिकाम्या हातांनीं काय करावें, हा प्रश्न त्यांना पडला तर उत्तर सोपें आहे: सकाळचा चहा आणि रात्रीची खिचडी त्यांनीं करावी. कीचकदऱ्याच्या थंड हवेंत हें काम कठीण नाहीं.

तेव्हां आमची विनंति एवढीच कीं हा अंक वाचून झाल्यावर घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें, पंचांग पुढें घ्यावें, पुढील उन्हाळ्यांतील किंवा दिवाळीनंतरचे आठ दिवस, नाहीं तर चार, शाईनें आंखून टाकावेत. आणि त्या दिवसांचा धनी कोण, हें त्याच बैठकींत ठरवावें. इत्यलम्.